कोणतंही पान उघडा

मराठी कादंबरीला पूर्व विदर्भाने काय दिलं, या प्रश्नाचं नेमकं उत्तर मराठी समीक्षेने अजून दिलेलं नाही. मी देऊ शकतो. दोन किलो तीनशे ग्रॅम. हे वजन हस्तलिखित बांधलेल्या बस्त्याच्या लाल कापडासकट आहे आणि ते आमच्या तालुक्याच्या धान खरेदी केंद्रावरच्या काट्यावर, मी समोर उभा असताना झालेलं आहे. कादंबरीच्या लेखकाने काट्यावरचा आकडा वाचला आणि मला म्हटलं, "सर, लिहून घ्या. उद्या कोनी म्हनाले नको का पानं कमी भरली."

मी लिहून घेतलं. त्या घरात भाड्याने राहत असताना मी अशा बऱ्याच गोष्टी लिहून घेतल्या.

लेखक माझे घरमालक. गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचं. तीस वर्षं ते गोंदिया जिल्ह्यातल्या निरनिराळ्या खरेदी केंद्रांवर धानाची तपासणी करत होते. शेतकरी पोती घेऊन येणार, साहेब पोत्यात परखी खुपसणार. परखी म्हणजे पन्हळीसारखी टोकदार लोखंडी सळई. पोत्याच्या पोटात घुसवून ओढली की मधले मूठभर दाणे बाहेर येतात. ते तळहातावर पसरायचे, काडीकचरा पाहायचा, ओलावा पाहायचा आणि पास की नापास ते सांगायचं. ओलावा सतरा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. ओलावा मोजायला सरकारी मशीन असे, पण साहेबांचा दाढेवर जास्त भरवसा होता. दाणा दाढेखाली धरून ते कट् असा आवाज ऐकत आणि आकडा सांगत. मशीन नंतर तोच आकडा दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मशीनची साक्ष कोणी काढली नाही.

निवृत्तीनंतर धान सुटलं, आकडा सुटला नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूचा ओलावा त्यांना सांगता येई. भाचीसाठी आलेलं स्थळ पाहून आले तेव्हा म्हणाले, "तेरा. जास्तच वाळलेला आहे. गिरणीत गेला का तुटंन." तालुक्यात एकदा साहित्य मेळावा भरला. उद्घाटक मातीशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल पाऊण तास बोलत होते. माती त्यांनी गाडीतून उतरताना पाहिली असावी. दुसऱ्या रांगेतून साहेब मोठ्याने म्हणाले, "बावीस." उद्घाटकांना वाटलं, वेळ झाल्याची सूचना आहे. त्यांनी आभार मानून भाषण संपवलं. त्या मेळाव्यात वाङ्मयाची झालेली ती एवढी एकच सेवा.

मी वरच्या खोलीत राहायला गेलो तेव्हा ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत होतो. माझा अठ्ठेचाळीस पानांचा एक कवितासंग्रह निघालेला होता. ही गोष्ट मी भाडं ठरवताना बोलून गेलो. का बोललो, हे मी स्वतःला अजून विचारतो. साहेबांनी संग्रह मागितला, मधूनच उघडला, एक कविता वाचली, जीभ दाढेवरून फिरवली.

"एकवीस."

"म्हणजे?"

"वाळवा."

त्यानंतर मी कविता लिहिलेली नाही. एवढा परिणामकारक समीक्षक मला पुन्हा भेटला नाही.

पण ज्याचं पुस्तक निघालं आहे त्याला पुस्तक कसं निघतं ते माहीत असणार, हे त्यांनी गृहीत धरलं. दुसऱ्या दिवशी लाल बस्ता वर आला. चारशे बारा पानं, एका बाजूने लिहिलेली, अक्षर सरकारी आणि सुवाच्य. पानांना क्रमांक नव्हते.

"हे छापलं पाहिजे," साहेब म्हणाले. "एका मानसाले द्याचं आहे. हातानं लिहिलेलं नाई चालत."

"कोणाला?"

"आहे एक."

मी वाचायला बसलो. पहिल्या पानाची सुरुवात अशी होती: 'दुलीचंद हा चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावातला शेतकरी. त्याच्याकडे दोन बैल आणि एक हिरवी सायकल होती.' सुरुवात वाईट नव्हती. दुलीचंद बैलबंडीत धान भरून केंद्रावर नेतो, धान ओलं ठरून परत येतं, वाटेत अवकाळी पाऊस गाठतो, आणि आठ दिवसांनी पोत्यांतून कोंब बाहेर येतात. हे सगळं एका पानात. मला वाटलं, आता पुढे काय होतं ते पाहू. दुसरं पान उलटलं. 'चोरखमाऱ्याच्या तलावाखाली एक गाव आहे. तिथे दुलीचंद नावाचा शेतकरी राहत असे. त्याला दोन बैल होते आणि एक हिरवी सायकल.' आणि पुन्हा बंडी, केंद्र, पाऊस, कोंब. तिसऱ्या पानावर तेच. एका पानात पाऊस दोन ओळींत आटोपत होता, दुसऱ्यात पंधरा ओळी पडत होता. एका पानात सगळं बैलांच्या बाजूने सांगितलेलं होतं. तिसाव्या पानाच्या सुमाराला मला त्या सायकलची भीती वाटायला लागली.

"साहेब," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "नायकाची ओळख एकदा करून दिली की पुरते. वाचकाच्या लक्षात राहतं."

"वाचकाच्या राहते जी. पन पहिले संपादक पाहते ना? थो काय पहिल्या पानापासून वाचते? थो परखी मारते. मधातच कोठंतरी उघडते. जेथं उघडंन तेथं दुलीचंद नाई भेटला तं? माल नापास." बस्त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "या पोत्यात कोठंबी परखी मारा, सर. सारखाच दाना निघंन."

मी युक्तिवाद शोधू लागलो. मी तीन-चार संपादकांच्या टेबलांसमोर बसलेलो होतो, ते हस्तलिखितं कशी पाहतात ते पाहिलेलं होतं. मला युक्तिवाद सापडला नाही.

मग कादंबरी प्रवासाला निघाली. पुणे, मुंबई, नागपूर, पुन्हा पुणे. प्रत्येक वेळी सोबतचं पत्र माझं आणि पोस्टातही मी, कारण "तुमची सही पाहून थो वाचंन" असा त्यांचा समज होता. काही महिन्यांनी बस्ता परत येई. बरोबर दोन ओळींचं पत्र: आपलं लेखन आमच्या प्रकाशन धोरणात बसत नाही. साहेब ते पत्र उलटून मागची बाजू पाहत.

"काऊन बसत नाई, ते लिहिलं नाई."

"ते कधीच लिहीत नाहीत."

"लिहाले पाहिजे ना पन. मानसानं माल आनला, तुमी परत केला. काऊन केला ते लिहून नको द्याले?"

हे ते जरा जास्तच जोरात म्हणाले. मी त्या वेळी लक्ष दिलं नाही.

पुढच्या वेळेपासून त्यांनी बस्त्याबरोबर तिकीट लावलेलं पाकीट आणि स्वतः तयार केलेला एक छापील तक्ता जोडायला सुरुवात केली. 'माल परत करण्याचे कारण. योग्य ठिकाणी खूण करावी: ओलावा / काडीकचरा / किडका दाणा / रंग गेलेला दाणा / अपक्व दाणा.' मी विनवण्या केल्या. त्यांनी ऐकलं नाही. आणि पुण्याच्या एका प्रकाशकाने, मराठी प्रकाशन व्यवसायावरचा माझा विश्वास एक आठवडाभर परत येईल असं कृत्य केलं: त्याने 'काडीकचरा'वर खूण करून तक्ता परत पाठवला. साहेब हरखून गेले. "या मानसानं पाह्यलं!" पुढचे चार महिने ते चारशे बारा पानांतली विशेषणं वेचत बसले. हिरवी सायकल तेव्हा नुसती सायकल झाली. मला बरं वाटलं.

एका प्रकाशकाने मात्र पुस्तक तत्काळ स्वीकारलं. फक्त लेखकाने खर्चाचा वाटा उचलावा, असं कळवलं. मला वाटलं, सुटलो. पेन्शन होती, मुलं मार्गी लागली होती. मी पत्र घेऊन खाली धावलो. साहेबांनी ते वाचलं आणि खाटेवर ठेवलं.

"तीस वर्षं झाले, सर. व्यापारी पाकीट घेऊन येत. साहेब, तेवढं ओलं पास करून द्या. मी एक दाना नाई केला." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता मी पाकीट देऊन माझाच माल पास करून घेऊ? काऊन?"

प्रकाशकाला नकार मीच कळवला. त्यांच्याशी बोलताना हा त्रास नेहमीचा होता. ते चूक असत तेव्हाही त्यांना उत्तर नसे.

मध्यंतरी कोणीतरी सांगितलं की हस्तलिखित आता टाइप करून पाठवावं लागतं. मग गोंदियाला बाजारातल्या एका टायपिंगच्या दुकानात आठवड्यातून एकदा पानं पोचवायची, हेही माझ्याकडे आलं. दुकानदार सोशिक होता. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला बाजूला घेतलं. "सरजी, बुरा मत मानना. ये पेज तो मैं टाइप कर चुका हूँ. ये भी. ये भी. आप एक ही आदमी का काम लाते हो ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "फिर एक पेज बना देता हूँ, चार सौ बारा बार निकाल लो." मी हा निरोप साहेबांना दिला नाही. टायपिंग तिथेच थांबलं.

बस्ता परत आला की साहेब एकच शब्द बोलत: "वाळवतो." म्हणजे पुन्हा तपासतो, असं कोणालाही वाटेल. ते तपासतही. पण आधी गच्चीवर ताडपत्री अंथरून चारशे बारा पानं उन्हात पसरत, प्रत्येकावर एक खडा. पोस्टाच्या प्रवासात कागद ओल धरतो आणि त्याने वाचणाऱ्याचं मन बिघडतं, असा त्यांचा सिद्धांत होता. पंधरा दिवस वाळवण. त्या काळात माझे कपडे खोलीतल्या दोरीवर असत.

एका मार्चमध्ये दुपारी वावटळ उठली. मी कॉलेजातून येत होतो, आणि गल्लीच्या तोंडाशीच मला दुलीचंद भेटला, गटाराच्या काठावर. पुढचा हातपंपाजवळ. पुढचे शेजाऱ्यांच्या गोठ्यात, बाभळीवर, शाळेच्या कौलांवर. साहेबांच्या पत्नी, मी त्यांना काकू म्हणत असे, पदर खोचून पानं गोळा करत होत्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होत्या.

"नोकरीत होते तवा लोकाईले धान वाळवाले लावलं. आता मले कागद वाळवाले लावते. अन् सर, तुमी काय उभे राहून पाहून राहिले? थ्या म्हशीच्या तोंडातलं काढा!"

मी काढलं. संध्याकाळपर्यंत ढीग जमला. पानं लावायला मी बसलो आणि माझ्या लक्षात आलं की लावायला काही नाही. क्रमांक नव्हते, आणि कोणतंही पान कोणत्याही पानानंतर येऊ शकत होतं. साहेब मोजून "चारशे बारा" म्हणाले, समाधानाने बस्ता बांधला आणि आंघोळीला गेले. मी सगळी कादंबरी त्या आठवड्यात पुन्हा वाचली, नव्या क्रमाने. काही फरक पडलेला नव्हता.

त्या दिवशी काकूंनी चहा दिला तेव्हा मी चिडून म्हटलं, "काकू, एवढा कोण लागून गेला हा दुलीचंद?"

"मानूस आहे जी. नाव बदलवलं यायनं." त्या पायरीवर बसल्या. "यायनं त्याचा माल परत केला होता. दुपारीच पानी आला. दाना दाना फुटला त्याचा. आठ दिवसानं थो आमच्या घरी आला. मी म्हटलं, आता हा शिव्या देते. नाई. पानी पेला, अन् यायले म्हनते, साहेब, काऊन परत केला, ते मले लिहून द्या."

"मग?"

"हे म्हनते, तसा फारम नाई. थो म्हनला, बरं. अन् गेला सायकलवर." काकूंनी माझी कपबशी उचलली. "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. मी सुटली असती, तुमीबी सुटले असते."

म्हणजे चारशे बारा पानं हे त्या माणसाला द्यायचं उत्तर होतं. मला वाईट वाटलं. तरीही वैताग कमी झाला नाही; वाईट वाटून वैताग कमी होतो, हे पुस्तकांतच वाचलेलं आहे.

मी मग एक काम केलं, साहेबांना न विचारता. बस्ता सोडला, डोळे मिटले, एक पान ओढून काढलं, आणि नागपूरहून निघणाऱ्या एका लहानशा दिवाळी अंकाला लघुकथा म्हणून साहेबांच्या नावाने पाठवून दिलं. ते छापून आलं. काना-मात्रेचा बदल न होता, समोरच्या पानावर प्रेशर कुकरची जाहिरात.

मी अंक खाली नेऊन त्यांच्या हातात दिला. ते पान त्यांनी तीनदा वाचलं. मग अंकाचा कोपरा तोंडाजवळ नेऊन दाढेखाली धरला.

"बारा," ते म्हणाले.

मला वाटलं, इथे हे प्रकरण संपलं. मी तीस वर्षांची नोकरी विसरलो होतो. खरेदी केंद्रावर नमुना पास झाला की सगळा माल उचलावाच लागतो. दुसऱ्याच दिवशी उरलेली चारशे अकरा पानं एसटीच्या पार्सलने नागपूरला गेली. बरोबर तक्ता. दहा दिवसांनी संपादकांचा मला फोन आला.

"अहो, यांची ती कथा छान होती. पण मी हे दुसरं पान वाचलं. हे तेच आहे."

"हो."

"तिसरंही तेच आहे. मी मधूनही काढून पाहिलं. सगळीकडे तेच आहे!"

साहेब शेजारी उभे होते. "काय म्हनते?" मी सांगितलं. त्यांनी माझा खांदा धरला. "सर, या मानसानं चार ठिकानी परखी मारली!" फोनवर संपादक विचारत होते की तक्त्यात याला रकाना नाही, तर खूण कुठे करू. शेवटी त्यांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'माल एकसारखा आहे. परत.' हा तक्ता साहेबांनी काचेत बसवला. कुठल्याही साहित्य संस्थेचा पुरस्कार मी इतक्या स्वच्छ काचेत पाहिलेला नाही.

पण पुस्तक झालं नाही ते नाहीच. आठवडाभर साहेब कशालाही आकडा देत नव्हते. मग एका रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, अंक पिशवीत घालून माझ्या मोटारसायकलजवळ येऊन उभे राहिले.

"एक पान तं छापलं आहे," ते म्हणाले. "चला."

तलावाखालचं गाव. धान कापून झालेलं, बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, रिकाम्या. घर विचारत गेलो, आणि अंगणात शिरताच मला भिंतीला टेकवलेली सायकल दिसली. हिरवी. मी तिला कुठेही ओळखलं असतं. दुलीचंद, म्हणजे तो माणूस, आता सत्तरीचा, बांबूच्या कमट्या सोलत बसला होता. त्याने साहेबांना ओळखलं.

"या जी साहेब. बसा."

साहेब बसले नाहीत. अंक उघडून त्यांनी पुढे केला. "तुमी लिहून मागतलं होतं. वेळ लागला."

त्याने चष्मा आणवला, ओळीखाली बोट धरून ते पान सगळं वाचलं. बैलांपाशी थोडा थांबला. बोट शेवटच्या ओळीला पोचलं तेव्हा त्याने वर पाहिलं.

"बरं लिहिलं आहे. पन साहेब, ओलावा किती होता, ते नाई लिहिलं."

मी गडबडीने सांगायला तोंड उघडलं की हे एकच पान आहे, बाकीच्यांत असेल. आणि मिटलं. मी चारशे बाराही पानं वाचलेली होती, दोन निरनिराळ्या क्रमांनी. त्यांत आकडा कुठेच नव्हता. भाचीच्या स्थळाला, उद्घाटकाला, माझ्या कवितेला आकडा देणाऱ्या माणसाने तो एवढा एक लिहिलेला नव्हता, आणि मराठीचा प्राध्यापक असून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

साहेब अंगणाकडे पाहत होते. "मशीनचे सेल गेले होते त्या दिवशी," ते म्हणाले. "दातानं पाह्यलं. अठरा वाटला." आणि थोड्या वेळाने, "सतराबी असंन."

"मी समोरच तं उभा होतो जी," दुलीचंद म्हणाला. "तुमी दाना चावला. मशीन पेटीतच होती."

"मंग लिहून कायले मागतलं?"

"तुमी काय लिहिता, ते पाहाचं होतं."

त्याने सुनेला चहा ठेवायला सांगितला. साहेब मग खाटेवर बसले. चहात साखर जास्त होती. साहेबांनी तो संपवला आणि त्याचा आकडा सांगितला नाही.

निघताना त्यांनी अंक परत घेण्यासाठी हात पुढे केला, कारण आमच्याकडे तेवढी एकच प्रत होती. दुलीचंदने तो दिला नाही. त्यात मागच्या बाजूला वर्षभराचं राशिभविष्य होतं.